आजोबांचं आजोळ

माझ्या आजोबांना मामा नव्हता. म्हणजे कधीतरी असणारच, पण तो कोण आणि कुठला हे कुणालाच माहीत नव्हतं. लग्नात नवऱ्यामुलाच्या मागं मामानं उभं राहायचं असतं. आजोबांच्या मागं शेजारच्या मळ्यातले एक गृहस्थ उभे राहिले होते. ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली जायची की लहानपणी मला वाटायचं, मामा ही बैलजोडीसारखी गोष्ट असावी. काहींच्या दारात असते, काहींच्या नसते.

आजोबा बारामतीजवळच्या पणदऱ्याचे. ते तीनेक वर्षांचे असताना साथीत त्यांची आई गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं. सावत्र आईनं त्यांना पोटच्या पोरासारखं वाढवलं, आजोबांनी तिच्याबद्दल कधी वाकडा शब्द काढला नाही. पण पहिल्या बाईचं नाव हळूहळू घरातून निघून गेलं, आणि नावाबरोबर तिचं माहेरही. आजोबा विचारण्याइतके मोठे झाले तोवर सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

मी त्यांची नात. लग्न होऊन बारामतीत आले, नवरा आणि मी मिळून औषधांचं दुकान चालवतो. पूर्वजांचा शोध वगैरे माझ्या डोक्यात कधीच नव्हता. दोनेक वर्षांपूर्वी जुन्या नोंदी शोधायला सगळीकडची माणसं कचेऱ्यांतून लोटली, त्यात आमचं घरही होतं. भावाच्या मुलीला जातीचा दाखला हवा होता. अर्जासोबत वंशावळ जोडायची, म्हणून मी एका रविवारी पणदऱ्याला तात्यांसमोर कागद घेऊन बसले. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते, आता ऐंशीचे. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. आजोबा, त्यांचे वडील, त्यांचे वडील. कागद भरला. सगळे पुरुष. मी सहज विचारलं,

"तात्या, आजोबांच्या आईचं नाव काय?"

"म्हातारीचं?" त्यांनी सावत्र आजीचं नाव सांगितलं.

"ती नाही. पहिली. त्यांची खरी आई."

तात्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "पहिलीचं न्हाय म्हाईत. कुणी काढलंच न्हाय कधी."

"कुठल्या गावची होती?"

"पल्याडची. भिवरंकडची, एवढंच आण्णा म्हणायचे."

आण्णा म्हणजे आजोबा. भिवरा म्हणजे भीमा. भीमेच्या काठाला गावं किती, आणि त्यातली धरणाच्या पाण्यात गेलेली किती. तात्यांनी विषय सोडला आणि उसाच्या पाण्याचं दारं मोडायला उठून गेले. मी मात्र तिथंच बसून राहिले. जिच्या पोटी आमचं अख्खं खटलं जन्माला आलं, तिला आमच्या घरात नावसुद्धा नव्हतं. दाखल्याचं काम पुढं महिन्याभरात झालं, पण ही गोष्ट काही मनातून जाईना.

त्याच कामासाठी कचेरीत खेटे घालताना व्हरांड्यात एक निवृत्त तलाठी भेटले. मूळचे इंदापूरचे. त्यांना मोडी वाचता यायची, त्यामुळं त्यांच्याभोवती कायम माणसं. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे, मीही म्हणू लागले. आमच्या गावच्या जुन्या कोतवाल बुकातलं एक पान त्यांनी मला वाचून दाखवलं. साथीत गेलेल्या माणसांची नावं होती, आणि बायकांच्या जागी नुसतं 'अमक्याची बायको'. पणजोबांचं नाव आणि पुढं बायको. बस, एवढंच.

"दाखल्याला हे चालेल," भाऊसाहेब म्हणाले. "पण तुम्हाला दाखल्यापलीकडचं काहीतरी हवंय असं दिसतंय."

मी सांगितलं. ते हसले आणि त्यांनी मला व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपवर घेतलं. दाखल्याचं काम झालं तरी ज्यांची शोधायची खोड गेली नाही, अशी ती माणसं. बारामती, इंदापूर, दौंड, करमाळा अशी पसरलेली. एकाचे पूर्वज मेंढरं घेऊन फिरायचे, ते नेमके कुठल्या पावसाळ्यानंतर इंदापुरात थांबले आणि नांगर धरला, हे त्याला शोधायचं होतं. शेळगावच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांना आम्ही बाई म्हणायचो. त्यांनी आपल्या दोन्हीकडच्या आज्यांची घराणी शोधून काढली होती आणि आता दुसऱ्यांना मदत करत होत्या. कुणी काही विचारलं की सगळे आपापल्या गावात चौकशी करायचे. पैशाचा संबंध नाही. कुणाचं नातं लागलं की त्या दिवशी ग्रुपवर पेढ्यांची चित्रं.

मी माझी गोष्ट लिहिली. भाऊसाहेबांचा फोन आला. "ताई, परत चुलत्यांकडं जा. नाव विचारू नका, नावं विसरली जातात. आण्णा काय करायचे ते विचारा. वर्षाचं काय काय करायचे, कुठं जायचे, काय खायचे नाहीत. आणि घरातल्या बायकांना आधी विचारा."

पुढच्या रविवारी मी तात्यांना सोडून थेट चुलीपाशी गेले. काकी भाकरी थापत होत्या. मी विचारलं, आजोबा वेगळं असं काही करायचे का? काकींनी क्षणभरही विचार केला नाही.

"निवद ठेवायचे की. सुगी झाली की नव्या ज्वारीची पहिली भाकरी मी थापायची, वर वांग्याची भाजी, आन ते बांधावर जाऊन ठेवायचे. तोंड उगवतीकडं करून."

"कुणाला?"

"जांभळीच्या म्हसोबाला."

आमचा देव मावळतीला, आणि तो म्हसोबाही नाही. मी काकींना विचारलं, हा जांभळीचा म्हसोबा कुठं आहे?

"ते काय आमाला म्हाईत. त्यांच्या आज्जीनं लहानपणी लावून दिलं व्हतं. तुझ्या आयचा देव हाय, त्याला इसरू नको, म्हणून. मामंजी असंस्तोवर केलं, म्होरं मीबी चार वर्षं केलं. मग रानात सगळा ऊस झाला. ज्वारीच न्हाय तर निवद कशाचा?"

तात्या दारात उभे राहून ऐकत होते. "मला कवा सांगितलं न्हाईस ते."

"तुमी कवा इचारलं?" काकी म्हणाल्या.

मी त्याच दिवशी ग्रुपवर लिहिलं : भीमेच्या बाजूला जांभळीचा म्हसोबा कुणाला माहीत आहे का? संध्याकाळपर्यंत भिगवणकडच्या एका सभासदाचं उत्तर आलं. त्यांच्या गावाजवळ ओढ्याकाठी जांभळीखाली म्हसोबा होता. फोटोही पाठवला. जुनं, बुंध्याशी पोकळ झालेलं झाड, खाली शेंदूर लावलेला दगड. फोटो पाहून मला वाटलं, सापडलं. नवऱ्यानं दुकान सांभाळलं आणि मी भाऊसाहेबांबरोबर तिकडं गेले. तिथल्या भावकीनं चहा पाजला, सगळं नीट सांगितलं. त्यांच्या लेकी पिढ्यान् पिढ्या करमाळ्याच्या बाजूला दिल्या होत्या. पणदऱ्याचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. मी पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारत राहिले. शेवटी भाऊसाहेबच उठले.

गाडीत ते म्हणाले, "नाही जुळत ताई. ओढून जुळवलं तर पुढं तुम्हालाच ते खरं वाटणार नाही."

त्यांचं बरोबर होतं, पण परतीचा रस्ता फार लांब वाटला.

मग बरेच दिवस काहीच नाही. ग्रुपवर दुसऱ्यांचे प्रश्न आले, मीही पणदऱ्यातल्या दोघा-तिघांची माहिती काढून दिली. एका दुपारी दुकानात गर्दी असताना बाईंचा फोन आला.

"तुम्ही झाड शोधताय ना? झाड शोधू नका," त्या म्हणाल्या. "आमच्या शेळगावात कालव्याच्या पलीकडं एक वस्ती आहे. धरणात गाव गेल्यावर आलेली माणसं. त्यांच्या म्हसोबावर लिंबाचं झाड आहे, म्हणून माझ्या कधी लक्षातच आलं नाही. काल तिथली एक बाई म्हणाली, जांभळीला निवद दाखवून येते. मी म्हटलं, कुठली जांभळ? तर म्हणाली, जुन्या गावात होती, ती पाण्यात गेली. देव गाडीत घालून आणला, नाव तेवढं तेच राहिलं."

मी गिऱ्हाईकाला चुकीचं औषध देण्याआधी नवऱ्याला काउंटरवर बोलावलं.

शेळगावला निघालो तेव्हा भाऊसाहेबांनी वाटेत मला बजावलं. "तुम्ही आधी काही सांगायचं नाही. गाव नाही, घर नाही, देव नाही. आपण विचारायचं आणि गप्प बसायचं. माणसं चांगली असतात, आपल्याला बरं वाटावं म्हणून हो म्हणतात." मी कबूल केलं.

वस्तीवरच्या सगळ्यात थोरल्या माणसाला सगळे आबा म्हणत होते. नव्वदीकडं झुकलेले, पाठ वाकलेली, पण आवाज खणखणीत. ओट्यावर गोधडी टाकून बसले होते. बाईंची ओळख होती, त्यामुळं पाणी, चहा झाला. मग भाऊसाहेबांनी विचारलं, "आबा, तुमच्या घरातल्या लेकी जुन्या काळी कुठं कुठं दिल्या होत्या?"

आबा बोटांवर मोजू लागले. आत्या कुठं, थोरली बहीण कुठं. मग म्हणाले, "आन आमच्या आज्याची धाकली भईन पणदऱ्याला दिली व्हती."

मी कप खाली ठेवला. भाऊसाहेबांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. "पणदऱ्यात कुणाच्यात?"

"गुऱ्हाळवाल्यांच्यात. लई मोठी काहील व्हती म्हणं त्यांची."

आमच्या घराला पणदऱ्यात अजूनही गुऱ्हाळवाले म्हणतात. गुऱ्हाळ बंद होऊन जमाना झाला.

"पुढं काय झालं तिचं?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"काय व्हायचं? साथ आली. सांगावा आला तवा आजा गाडी जुंपून गेला. पणदऱ्यात बघतोय तर घरांना कड्या. सगळा गाव रानात पालं ठोकून राहिलेला. ह्याला कुणी जवळ यिऊ देईना. शिवंवर एक जण भेटला, त्यानं सांगितलं, मायलेकरं दोघंबी गेली. आजा शिवंवरनंच माघारी फिरला. परत त्या गावाला गेला न्हाय."

"लेकरू किती मोठं होतं?" आता बाईंनी विचारलं.

"आसंल दोन-तीन वरसाचं. आमच्यातच जल्मलं व्हतं, जुन्या गावात. म्होरंबी तिच्यासंगं दिवाळीला यायचं. डावरं व्हतं. जेवताना डावा हात म्होरं करायचं. आजी घास उजव्या हातात द्यायची, ते पुन्यांदा डाव्यात घ्यायचं. म्हातारी सांगायची आन रडायची."

आमचे आजोबा डावखुरे होते. गावच्या लोहाराकडून ते डाव्या हाताचा विळा वेगळा करून घ्यायचे. तो विळा घरात दुसऱ्या कुणाच्या हाताला चालायचा नाही, म्हणून कुणी मागायचंही नाही.

भाऊसाहेबांनी आता माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली. म्हणजे, बोला.

मी ओट्यावरून खाली उतरले आणि आबांच्या समोर बसले.

"आबा, ते पोर गेलं नव्हतं."

"आं?"

"आई गेली. पोर जगलं. ते माझे आजोबा. मी त्यांच्या थोरल्या मुलाची मुलगी."

आबा माझ्याकडं बघत राहिले. ऐकू आलं की नाही ते कळेना. मग त्यांनी विचारलं, "किती जगला?"

"ऐंशीच्या पुढं."

"लगीन झालं व्हतं?"

"झालं होतं. चार मुलं, दोन मुली."

"रान व्हतं?"

"होतं. आणखी घेतलं. स्वतः विहीर पाडली."

"तंबाखू खायाचा?"

"खायचे."

"मग आमचाच," आबा म्हणाले, आणि हसायला लागले. हसता हसता त्यांनी गोधडीचं टोक डोळ्यांना लावलं. आतून सुना, नातवंडं बाहेर आली. काय झालं, काय झालं म्हणून एकमेकांना विचारू लागली. आबांनी मोठ्यानं सांगितलं, "आरं, पणदऱ्याचं पोरगं जगलं व्हतं." सगळ्यांना ते पोरगं ठाऊक होतं. दर वर्षी पितरांत त्याच्या आईबरोबर त्याचंही पान वाढलं जात होतं.

"इतकी वरसं आमी जित्या माणसाचं पान वाढत व्हतो," आबा म्हणाले. "आन कावळा तर लगेच शिवायचा."

"कावळ्याला पान मिळाल्याशी मतलब," बाई म्हणाल्या, आणि ओट्यावर सगळेच हसू लागले.

मी मग विचारलं, "आबा, तिचं नाव काय होतं?"

त्यांनी लगेच सांगितलं. मी ते इथं लिहीत नाही, कारण ते आता आमच्या दोन्ही घरांचं आहे आणि घरातलंच राहावं असं मला वाटतं. आबा म्हणाले, आमच्यात प्रत्येक पिढीला एका पोरीला तेच नाव ठेवतात. आणि त्यांनी घराकडं तोंड करून त्या नावानं हाक मारली. हेल्मेट हातात घेतलेली, कॉलेजला निघालेली एक मुलगी बाहेर आली. "काय आबा?" पणजीच्या नावाला ओ देणारी ती मुलगी माझ्यासमोर उभी होती. मी तिला काय सांगणार? मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "काही नाही बाळ, तुझं नाव ऐकायचं होतं."

जाताना आम्ही कालव्यापलीकडं जाऊन म्हसोबाला नमस्कार केला. भाऊसाहेब एरवी देवाबिवाच्या फंदात न पडणारे, पण त्यांनीही चपला काढल्या. गाडीत बसल्यावर ते एवढंच म्हणाले, "आता जुळलं."

मी बारामतीला न थांबता तशीच पणदऱ्याला गेले. तात्या डेअरीवर दूध घालून किटली घेऊन येत होते. रस्त्यातच मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांना आधी राग आला.

"पोरगं मेलं म्हणून कुणी सांगितलं? कोण व्हता तो शिवंवरचा?"

"आता ते कसं कळणार, तात्या? साथीचे दिवस. त्यालाही कुणी चुकीचं सांगितलं असेल."

"आण्णा जन्मभर म्हणायचे, मला मामानं टाकलं." त्यांनी किटली खाली ठेवली आणि रस्त्याकडंच्या दगडावर बसले. "टाकलं न्हवतं व्हय. गाडी घिऊन आला व्हता."

"शिवेपर्यंत आला होता."

तात्या उठले, किटली उचलली आणि म्हणाले, "कवा जायाचं?"

दोन गाड्या करून आम्ही गेलो. तात्या, काकी, माझे भाऊ, त्यांच्या बायका, मी. तात्यांनी ठेवणीतलं धोतर नेसलं होतं, ते लग्नाकार्यालाच निघतं. वस्तीच्या तोंडाशी आबा काठी टेकून उभे होते. तात्या गाडीतून उतरले, तशी आबांनी काठी नातवाकडं दिली आणि वाकून तात्यांच्या पायांना हात लावला.

तात्या मागं सरले. "आवं आबा, काय करताय, तुमी थोरले."

"वयानं थोरला आसंन. पर तू भाच्याचं लेकरू. भाच्याच्या पाया पडायचं आसतं. आमच्या आज्याचं राहिलंय ते."

मग दोघांनी एकमेकांना मिठी मारली. दोन म्हातारी माणसं, एकाची पाठ वाकलेली, एकाचे गुडघे गेलेले, कोण कुणाला सावरतंय तेच समजेना. काकींनी पदर तोंडाला लावला होता. मी फोटो काढायचं ठरवून गेले होते, ते विसरूनच गेले.

जेवायला पुरणपोळ्या, येळवणीची आमटी. पहिलं पान तात्यांना. जेवण झाल्यावर आबांच्या मोठ्या मुलानं तात्यांना पाटावर बसवून टॉवेल-टोपीचा आहेर केला, काकींना आणि आम्हा बायकांना साड्या नेसवल्या. तात्या म्हणाले, एवढं कशाला? आबा म्हणाले, "मामानं जल्मभर काय दिलं न्हाय. एकदम देतोय."

दुपारभर तात्या बोलत होते. त्यांना आण्णांबद्दल एवढं माहीत होतं हे मलाही ठाऊक नव्हतं. आण्णांनी पहिल्या कुस्तीत समोरच्याला डाव्या हातानं कसं फसवलं. विहिरीला खडक लागला तेव्हा सगळे म्हणाले सोडून दे, आणि आण्णा आणखी महिनाभर खाली उतरत राहिले. पहिला ट्रॅक्टर दारात आला तेव्हा ते त्याच्याकडं दोन दिवस नुसते बघत होते आणि तिसऱ्या दिवशी चालवत होते. मागच्या बाजूच्या सुना भांडी घासायची सोडून पुढं येऊन बसल्या. ज्या पोराचं त्यांनी फक्त मरण ऐकलं होतं, त्याचं अख्खं आयुष्य आता त्यांच्यासमोर चाललं होतं. कुणी मधेच विचारायचं, मग? मग काय झालं? तात्या पुढं सांगायचे.

भाऊसाहेब आणि बाईंनाही आम्ही बोलावलं होतं. बाई एका कोपऱ्यात बसून आबांच्या नातीला विचारत होत्या, तुझ्या आईची आजी कुठली गं? नात विचारात पडली होती. भाऊसाहेब तिला म्हणाले, "सावध राहा, बाई आता तुला ग्रुपवर घेणार."

निघताना संध्याकाळ झाली. आबा फाटकापर्यंत आले आणि तात्यांना म्हणाले, "आता वाट बघायला लावू नको. आधीच लई उशीर झालाय." तात्यांनी मान डोलावली.

लासुर्ण्याला चहाला थांबलो. तात्यांच्या डोक्यावर नवी टोपी, खांद्यावर नवाकोरा टॉवेल, त्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. चहावाल्यानं कप पुढं करत विचारलं, "काय आजोबा, लग्नाला का?"

"न्हाय," तात्या म्हणाले. "आजोळी गेलो व्हतो."

चहावाल्यानं एकदा त्यांच्या पांढऱ्या मिशांकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. तात्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली, आणि त्याला बाकावर बसायला जागा करून देत पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.